कशावरून?

हंपीच्या विठ्ठल मंदिरात दगडी रथापाशी आमच्या बसमधली बेचाळीस माणसं अर्धगोल करून उभी होती. डिसेंबर असूनही साडेअकराचं ऊन टाळूवर आलं होतं. महामंडपातल्या सुरेल खांबांना आता हात लावू देत नाहीत, म्हणून गाईडने मोबाईलवर जुनं रेकॉर्डिंग ऐकवलं आणि गोष्ट सांगितली: ‘इंग्रजांना वाटलं, आत काहीतरी यंत्र असणार. त्यांनी दोन खांब कापून बघितले. आत काय निघालं? काही नाही!’ सगळे हसले. इंग्रजांची फजिती कुणाला नको असते? हसणं ओसरल्यावर पुढच्या रांगेतून माझ्या चौथीतल्या मुलीचा आवाज आला.

‘कशावरून?’

‘काय बेटा?’

‘इंग्रजांनीच कापले कशावरून?’

गाईडने तिच्याकडे बघितलं, मग टूर मॅनेजरकडे. टूर मॅनेजरने घड्याळाकडे. ‘चला मंडळी, फोटोला पाच मिनिटं, मग बॅटरी गाडीची लाईन लावायची आहे.’ प्रश्न तिथेच राहिला. आमच्या घरात तिला ‘कशावरूनबाई’ म्हणतात, त्यामुळे मला त्याचं नवल नव्हतं. नवल वाटलं ते माझंच, कारण आदल्या दिवशी पट्टदकलला हाच प्रश्न तिने विचारला तेव्हा ‘गप्प बस, सगळे खोळंबलेत’ असं तिला मीच म्हटलं होतं.

मुलांना घेऊन जुन्या अवशेषांवर जाणाऱ्या घरांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली आहे. दिवाळी, नाताळ, मे महिना, कुठल्याही सुट्टीत हॉस्पेटच्या हॉटेलांबाहेर महाराष्ट्रातल्या पाट्यांच्या बस उभ्या दिसतात. ही चांगलीच गोष्ट आहे. मॉलमधल्या प्ले झोनपेक्षा तुंगभद्रेचा काठ केव्हाही बरा. पण आपण मुलांना तिथे नेतो कशासाठी, याचं उत्तर आपण एका वाक्यात उरकून टाकलेलं असतं: ‘आपला इतिहास कळावा म्हणून.’ आणि मग तिथे गेल्यावर जे घडतं, त्यातून इतिहास सोडून बाकी सगळं कळतं. माझं म्हणणं असं आहे की पडक्या वास्तूत मुलाला शिकवण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ‘कशावरून?’ हा प्रश्न. आपल्या सहली, आपले गाईड आणि आपण पालक मिळून नेमका तोच प्रश्न मोडून काढतो.

शाळेच्या पुस्तकात इतिहास शिजवून, ताटात वाढून आलेला असतो. अवशेषांच्या जागी तो सुपात निवडायला घेतलेल्या धान्यासारखा पडलेला असतो. तिथे मुलाला स्वतःचा हात घालता येतो. हंपी तर त्यासाठीच जपून ठेवल्यासारखं आहे. त्या रथाचंच बघा. पुढे दोन हत्ती जुंपलेले दिसतात. हत्ती लहान, रथ मोठा, काहीतरी जुळत नाही हे मुलांच्या आधी लक्षात येतं, मोठ्यांचं लक्ष सेल्फीकडे असतं. जरा बाजूला जाऊन हत्तींच्या मागे वाकून बघितलं की घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या दिसतात. मूळचे घोडे गेले, त्यांच्या जागी केव्हातरी हत्ती आणून बसवले. अलेक्झांडर ग्रीनलॉ नावाच्या अधिकाऱ्याने १८५६ मध्ये हंपीचे फोटो काढले होते. त्यात या रथावर विटांचं शिखर दिसतं, आज ते नाही. म्हणजे पन्नासच्या नोटेवर आपण जो रथ घेऊन फिरतो तो एकदा बांधलेला, एकदा दुरुस्त केलेला आणि वरचा भाग उतरलेला असा रथ आहे. हे सगळं पाठ करायची गरज नाही, वाकून बघायची गरज आहे. आमच्या अर्धगोलात कुणी वाकलं नाही, कारण कुणी सांगितलं नाही.

लक्ष्मी-नरसिंहाच्या प्रचंड मूर्तीपाशी तर हा खेळ आणखी सोपा आहे. साडेसहा मीटरच्या वर उंच, एकाच दगडातली, विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या काळात १५२८ मध्ये घडवलेली. बहुतेक लोक तिला उग्र नरसिंह म्हणतात, कारण डोळे बटबटीत आहेत आणि मांडीवर कुणी नाही. मुलांना तिथे उभं करून एवढंच म्हणावं, ‘याच्या पाठीमागे बघा.’ पाठीवर एक नाजूक हात आहे. देवी गेली, तिचा हात राहिला. मांडीवर लक्ष्मी होती कशावरून? या हातावरून. अख्ख्या पुरातत्त्वशास्त्राचा धडा एवढ्यात होतो आणि त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

रस्त्याच्या कडेच्या मोठमोठ्या धोंड्यांवर ओळीने चौकोनी भोकं कोरलेली दिसतात, शिवणीच्या टाक्यांसारखी. पाथरवटांनी त्या भोकांत पाचरी ठोकून दगड फोडले. काही धोंडे अर्धे फुटून तसेच राहिलेत, काहींवर भोकं आहेत पण फोडायचं राहून गेलं. महानवमी दिब्बा या उंच दगडी चौथऱ्याजवळची पायऱ्यांची पुष्करणी १९८० च्या दशकात उत्खननात निघाली. तिचा दगड काळसर, आजूबाजूच्या ग्रॅनाईटपेक्षा वेगळा, आणि त्यातल्या दगडांवर कुठला दगड कुठे बसवायचा याच्या खुणा कोरलेल्या आहेत. म्हणजे दुसरीकडे घडवून, खुणा करून, इथे आणून जोडलं. माझ्या मुलीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे लेगो.’ मला त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही सापडलं नाही. त्या तलावात पाणी आणणारी दगडी पन्हळ अजून खांबांवर उभी आहे. तिच्या काठाने चालत जाऊन पाणी कुठून कुठे जात असेल हे मुलांना शोधू दिलं तर अर्धा तास सहज जाईल. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत पुष्करणी, दिब्बा आणि राणीचं स्नानगृह मिळून चाळीस मिनिटं होती.

राणीचं स्नानगृह. या नावापाशी जरा थांबायला हवं. तिथे राणीच स्नान करत होती हे सांगणारा शिलालेख तिथे नाही. कमल महाल हे नावही नंतर पडलेलं, त्याच्या कमानी कमळाच्या पाकळ्यांसारख्या दिसतात म्हणून. लोकांनी रिकाम्या वास्तू बघितल्या आणि त्यांत आपल्या कल्पनेतली माणसं राहायला पाठवली. त्यात हसण्यासारखं काही नाही, आपणही तेच करतो. अहिल्यानगरच्या डोंगरावरच्या ज्या इमारतीला सगळा जिल्हा चांदबिबीचा महाल म्हणतो, ती सलाबतखानाची कबर आहे. नाव चिकटलं की सुटत नाही. पण मुलांना नेमकं हेच सांगण्यात गंमत आहे: पाटीवर लिहिलंय ते नाव नंतरचं, आता तुम्ही सांगा, इथे काय असेल? पाण्याचा हौद आहे, भोवती सज्जे आहेत, आत यायला वाट कुठून, बाहेर जायला पाणी कुठून? मुलं अशा वेळी मोठ्यांपेक्षा नेटाने विचार करतात, कारण चुकायची त्यांना अजून लाज वाटत नाही.

मराठीला यासाठी एक फार सुरेख शब्द मिळालेला आहे: ‘म्हणे’. ‘इथे सुग्रीवाची गुहा होती म्हणे.’ ‘या तुळेवर राजा सोन्याने स्वतःला तोलून घ्यायचा म्हणे.’ एका शब्दात आपण ऐकीव आणि पाहिलेलं वेगळं करतो. आपल्या आज्या हा शब्द अचूक वापरायच्या. गाईडच्या बोलण्यातून तो गळून गेला आहे. तिथे सगळंच ‘आहे’ आणि ‘होतं’. रामायणातली किष्किंधा, कृष्णदेवरायाचा दरबार, इंग्रजांनी कापलेले खांब आणि १५६५ ची लढाई, चारही एकाच सुरात, एकाच खात्रीने. मुलाच्या डोक्यात ही चारही एकाच खणात जाऊन बसतात. दंतकथा सांगू नयेत असं मी अजिबात म्हणत नाही. नदीपलीकडच्या अंजनाद्रीकडे बोट दाखवून हनुमानाची गोष्ट सांगितली नाही तर हंपीला येऊन काय केलं? फक्त शेवटी ‘म्हणे’ लावा. त्या दोन अक्षरांत गोष्टही राहते आणि प्रश्नालाही जागा राहते.

आता जरा अवघड जागा. विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा आहे. मराठी गट म्हटल्यावर गाईडने आवाज मऊ केला: ‘तुमच्या पंढरपूरचा विठोबा इथे होता. कृष्णदेवरायाने आणला, संत भानुदासांनी परत नेला.’ आमच्यातल्या दोन-तीन आज्यांनी हात जोडले, एकीने डोळे टिपले. ही कथा आपल्या वारकरी परंपरेत शतकानुशतकं सांगितली जाते, भानुदास हे एकनाथांचे पणजोबा, हेही आपल्याला माहीत असतं. आणि तेवढ्यात, अर्थात, आमच्या कशावरूनबाईंनी विचारलं.

जोडलेले हात न सोडता शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘बाळा, प्रत्येक गोष्टीला कशावरून विचारू नये. काही गोष्टी मानायच्या असतात.’

मी संकोचले. पण नंतर विचार करताना वाटलं, आजींनी शब्द किती नेमका वापरला! ‘मानायच्या’ म्हणाल्या, ‘माहीत’ म्हणाल्या नाहीत. मानणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घोळ होतो तो गाईडच्या ‘होता, आणला, नेला’ या क्रियापदांनी. कारण कृष्णदेवरायाच्या मृत्यूनंतर, अच्युतरायाच्या आणि सदाशिवरायाच्या काळातही या देवळाला दानं दिल्याचे शिलालेख आहेत. रात्री हॉटेलवर मी हे मुलीला सांगितलं, तर ती पटकन म्हणाली, ‘देव गेल्यावर पैसे कुणाला दिले?’ हा इतका चोख प्रश्न आहे की त्यावर अभ्यासकांनी बसावं. त्याने आजींच्या विठोबाला काही धक्का लागत नाही. सकाळी नाश्त्याला तिने आजींनाही तो विचारला. आजी इडली खाता खाता म्हणाल्या, ‘अगो, भानुदासाने मूर्ती नेली, पण तो जागेवर राहिला असेल. तो काय एकाच ठिकाणी असतो होय?’ दोघी एकमेकींवर खूष होत्या.

आणि याहून अवघड जागा म्हणजे ‘हे कोणी तोडलं?’ हा प्रश्न हंपीत प्रत्येक मूल विचारतं, आणि मोठ्यांकडे त्याचं एका शब्दाचं उत्तर तयार असतं. आमच्या बसमध्ये मागच्या सीटवरून ते आलंच. गाईडनेही त्यात भर घातली, ‘सहा महिने शहर जळत होतं.’ बसमधल्या चार मुलांनी ते ऐकलं आणि पुढचं काही विचारलं नाही. एका शब्दाच्या उत्तराचं कामच ते असतं, पुढचे प्रश्न बंद करणं.

मुलांपासून काही लपवावं असं मी म्हणत नाही. २३ जानेवारी १५६५ ला तालिकोटची लढाई झाली, विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बिदरचे सुलतान विजयनगरविरुद्ध एकत्र आले, विजयनगरचा कारभार हातात असलेला रामराय मारला गेला, राजधानी लुटली गेली, देवळं आणि मूर्ती फोडल्या गेल्या. नरसिंहाच्या मांडीवरची लक्ष्मी काही आपोआप गेली नाही. हे सांगावं, मवाळ करू नये. पण तेच दगड आणखीही काही सांगतात, आणि तेही ऐकू द्यावं. हत्तीखान्यावरचे घुमट बघा, अकरा दालनं आणि त्यांवर वेगवेगळ्या घडणीचे घुमट, ते विजयनगरच्याच राजांनी बांधले. कमल महालाच्या कमानी कुठल्या शैलीच्या, हे विजापूर बघून आलेलं मूल लगेच ओळखेल. हे राजे आपल्या शिलालेखांत स्वतःला ‘हिंदुरायसुरत्राण’ म्हणवत, त्यातलं सुरत्राण म्हणजे सुलतान. विजयनगरच्या सैन्यात मुसलमान सरदार आणि शिपाई होते. लढाईच्या काही वर्षं आधी हाच रामराय विजापूरच्या अली आदिलशहाबरोबर अहमदनगरवर चालून गेला होता. पुढे अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली मुलगी अली आदिलशहाला दिली आणि फासे फिरले. ती मुलगी म्हणजे चांदबिबी, जिचा महाल तिचा नाही ती. लुटलेल्या या राजधानीत विरूपाक्षाची, म्हणजे इथल्या शंकराची, पूजा मात्र आजही चालू आहे. तो वाचला कसा? हा प्रश्न एका शब्दाच्या उत्तरात मावत नाही, म्हणूनच तो विचारायला हवा.

शिवाय तोडणं १५६५ ला थांबलं असंही नाही. गुप्तधनाच्या नादाने लोकांनी पुढे कित्येक वर्षं इथल्या फरशा आणि मूर्ती उखडल्या. २०१९ मध्ये काही तरुणांनी हंपीतले खांब ढकलून पाडले, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. कोर्टाने त्यांना दंड केला आणि पाडलेले खांब पुन्हा उभे करायला लावले. मुलांना ही शिक्षा भयंकर आवडते. ‘पुन्हा उभं करायला लावलं’ यात त्यांच्या न्यायबुद्धीचं पूर्ण समाधान आहे.

यावर कुणी म्हणेल, नऊ वर्षांच्या पोरीला एवढी गुंतागुंत कशाला? मला उलट वाटतं. नऊ वर्षांचं मूल रोज शाळेतून गुंतागुंत घेऊनच घरी येतं. आज जिच्याशी कट्टी, उद्या तिच्याच डब्यातली चकली. कालची मैत्रीण आज दुसऱ्या गटात का गेली, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं समजतं. रामराय, अली आणि हुसेन यांचं राजकारण तिला झेपणार नाही हा मोठ्यांचा भ्रम आहे. झेपत नाही ते आपल्याला, कारण आपल्याला गोष्टीत बाजू हवी असते.

एवढं लिहून सगळं खापर गाईडच्या डोक्यावर फोडणं सोपं होतं. पण संध्याकाळी हेमकूट टेकडीखालच्या टपरीवर तो चहा पीत बसलेला दिसला आणि मी जाऊन बोलले. त्याचं लहानपण विरूपाक्षासमोरच्या बाजारातल्या मंडपात गेलं होतं. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या दगडी मंडपांत माणसं राहत होती, दुकानं थाटत होती. २०११ मध्ये सरकारने ती हलवली. आपण ज्याला रिकामे अवशेष म्हणून फोटोत पकडतो, तिथे तो गृहपाठ करत होता. हे त्याने दिवसभरात आम्हाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. खांबांच्या गोष्टीबद्दल विचारलं तेव्हा तो हसला. ‘मॅडम, मलाही माहिताय. पण चाळीस लोक, दीड तास. मी म्हटलं की असं असेल किंवा तसं असेल, तर लोक म्हणतात गाईडला येत नाही. खात्रीने सांगितलं की टिप मिळते.’

मला वाटतं सगळा मामला या शेवटच्या वाक्यात आहे. आपण खात्रीचे पैसे देतो. शंका सांगणारा माणूस आपल्याला अर्धवट वाटतो. डॉक्टर, ज्योतिषी, टीव्हीवरचा तज्ज्ञ आणि गाईड, सगळ्यांकडून आपल्याला ठाम आवाज हवा असतो. मग मुलं काय शिकणार? ती आवाज शिकतात. माझ्या मुलीने दुसऱ्या दिवशी विरूपाक्षाच्या देवळात हे सिद्ध केलं. मागच्या बाजूच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते. तिथल्या माणसाने ‘हा हंपीचा चमत्कार’ म्हणून सांगितलं. तिने भिंतीतल्या झरोक्यावर हात धरला, गोपूर गायब. हात काढला, गोपूर परत. पाच-सहा वेळा केलं. मग वळून अगदी गाईडच्या सुरात मला म्हणाली, ‘यात काही चमत्कार नाही, हा कॅमेरा आहे.’ कशावरून, असं मी विचारल्यावर गडबडली. मग थोडा विचार करून म्हणाली, ‘उजेड सरळ येतो. वरचा खाली जातो, खालचा वर.’ तेवढ्यासाठी, खरं सांगते, मला अख्ख्या सहलीचे पैसे वसूल झाले. गंमत म्हणजे चमत्कार नाही म्हटल्यावर ती त्या खोलीत जास्त वेळ थांबली.

मग करायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे आकडा कमी करणं. आमच्या पत्रकात ठळक अक्षरांत ‘पाच दिवसांत १७ स्पॉट’ होतं आणि आम्ही ते वाचूनच पैसे भरले. कंपन्या स्पॉट मोजतात कारण आपण मोजतो. ‘हे पण कव्हर होतंय का?’ हा फोनवरचा आपला पहिला प्रश्न असतो. वर्षातून एकदा चार दिवसांची रजा मिळते, पुन्हा कधी येणं होणार, सगळं बघून घ्यावं, हे मला कळतं. मीही पगारदार आहे. पण सतरापैकी मुलीला महिन्याभराने किती आठवत होते? तीन. पाठीवरचा हात, उलटं गोपूर आणि बॅटरी गाडी. बाकीचे चौदा आपण मुलांना दाखवले नाहीत, मुलांना त्यांच्यासमोरून ओढत नेलं. हंपीला दोन दिवस द्या, सकाळचे दोन तास आणि उन्हं उतरल्यावरचे दोन तास, मधे जेवण, झोप, नदीत गोल टोपलीच्या होडीची फेरी. मुलं कंटाळतात ही तक्रार उन्हाची आणि उभं राहण्याची असते, दगडांची नसते.

दुसरी गोष्ट कमलापूरच्या संग्रहालयाची. तिथे अंगणात हंपीच्या सगळ्या परिसराची प्रतिकृती मांडलेली आहे, डोंगर, नदी, देवळं, तटबंदी. मुलांना सगळ्यात आधी तिथे न्यायला हवं, म्हणजे पुढचे दोन दिवस आपण शहरात कुठे आहोत हे त्यांच्या डोक्यात राहील. सहली ते शेवटी ठेवतात, ‘वेळ उरला तर’ या खात्यात, आणि वेळ उरत नाही.

तिसरी गोष्ट गाईडची, आणि ती पैशाची आहे. बेचाळीस माणसांमागे एक गाईड हे गणितच मुलांच्या विरुद्ध आहे. बसमधल्या मुलांसाठी अर्ध्या दिवसाचा वेगळा गाईड घेतला तर प्रत्येक घराला किती जास्त पडेल? आदल्या रात्री हॉटेलात आम्ही आईस्क्रीमवर जेवढा खर्च केला तेवढाही नाही. आणि त्या गाईडला आपण आधीच सांगावं: दादा, सगळं येत नसलं तरी चालेल, जे नक्की आहे ते नक्की म्हणा, अंदाज असेल तर अंदाज म्हणा, आणि गोष्ट असेल तर रंगवून सांगा, पण म्हणे लावा. टिप त्याच्यावर. गाईडच्या परवान्यासाठी परीक्षा घेणाऱ्यांनीही सनावळीबरोबर एवढं विचारायला हरकत नाही, की अमुक गोष्ट आपल्याला कशावरून कळली? पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, ही चांगली सवलत आहे. पण फुकट आलेल्या पाहुण्याला वाढतानाही हात आखडतो तसं झालंय. ‘अधिष्ठान’, ‘कक्षासन’, ‘रंगमंडप’ असलेल्या पाट्या मुलाच्या डोक्याच्या दोन फूट वर लावलेल्या आहेत आणि त्यांत मुलाशी बोलणारं एकही वाक्य नाही.

हे सगळं करायला हंपीपर्यंत जावं लागतं असंही नाही. मुंबईत बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत, आणि बहुतेकांच्या दाराशी पाण्याचं टाकं. तिथल्या ब्राह्मी लेखांत त्या टाक्याला ‘पोढी’ म्हटलं आहे, आणि सह्याद्रीत फिरणारे काही ट्रेकर आजही पोढी म्हणतात. दोन हजार वर्षांच्या आसपास एक शब्द टाक्याकाठी बसून राहिलेला आहे. लोकलचं तिकीट आणि एक डबा एवढ्या भांडवलावर मूल दिवसभर छतावरून टाक्यापर्यंत पाणी कसं येतं हे पन्हळी शोधत बघू शकतं. तिथे तर गाईडही लागत नाही, फक्त घाई नसलेला एक मोठा माणूस लागतो. अडचण नेमकी तीच आहे.

परतीच्या रात्री बसमध्ये मी मुलीला नूनिझची गोष्ट सांगितली. हा पोर्तुगीज घोड्यांचा व्यापारी १५३५ च्या सुमारास विजयनगरात राहत होता. त्याने लिहून ठेवलंय की पूर्वीचा एक राजा, साळुव नरसिंह, होर्मुझहून आणि एडनहून येणारे घोडे जिवंत असोत की मेलेले, विकत घ्यायचा. वाटेत समुद्रात घोडा मेला तर व्यापारी त्याची नुसती शेपटी आणून दाखवत आणि राजा पूर्ण पैसे देई. ती खूप हसली. मग गप्प झाली.

‘आई, पन्नासची नोट दे.’

मी दिली. तिने मोबाईलच्या उजेडात नोट उलटी धरून रथाला डोळा लावला. चित्र फार बारीक होतं, बस हलत होती.

‘काय शोधतेयस?’

‘शेपटी,’ ती म्हणाली.